मोजणारा नकाशात नसतो

नानांच्या घरी भाड्याने खोली हवी असेल, तर आधी एका चित्रात आपली जागा दाखवावी लागे. आधार कार्ड, डिपॉझिट, पाहुणे किती येतात, हे सगळं त्यानंतर. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जळगावात मेहरूणच्या बाजूला एक खोली रिकामी आहे एवढंच कळलं होतं. पाचोऱ्याहून रोज रेल्वेने ये-जा करून मी इतकी मेटाकुटीला आले होते, की कुणी पत्र्याखाली खाट टाकून दिली असती तरी मी हो म्हटलं असतं.

मी तेव्हा वीजबिलांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीत बसत असे. दिवसभर लोक माझ्यावर ओरडत आणि मी मान डोलवत असे. अशाच एका ओरडून झालेल्या संध्याकाळी मी नानांच्या दारात उभी राहिले. दार उघडणारा माणूस उंच, वाळलेला, लेंग्यावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात टोक काढलेली पेन्सिल. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. नाव विचारलं नाही. समोरच्या भिंतीकडे बोट केलं.

“हे बघा. बठ्ठं गाव शे यामा. तुम्ही कुठं आहात ते बोट ठेवून दाखवा.”

भिंतीवर पाटीएवढं एक काळं-पांढरं चित्र होतं. गाव-बिव काही नव्हतं त्यात. एका बाजूला काळ्या रेघांची दाट गिचमीड, त्या गिचमिडीत एक करडा डाग. दुसरी बाजू जवळजवळ मोकळी, तिथे कुणीतरी सुईने ओरखडे काढावेत तशा दोनचार रेघा. आणि या दोन्हींच्या मधून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक जाड काळी रेघ. एवढंच. एचिंग म्हणतात याला, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त बसायचं होतं.

मी चित्राच्या बाहेर, काचेखालच्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं.

“मी इथे. मी गावातली नाही. मला फक्त खोली पाहिजे.”

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, बहुतेक आता हाकलणार. मग ते आतल्या दाराकडे वळून मोठ्याने म्हणाले, “अक्का, किल्ली आण. बाई खरं बोलनी.”

नाना निवृत्त भूकरमापक. सोप्या भाषेत, जमिनी मोजणारे सरकारी कर्मचारी. जिल्हाभर कुठे बांधावरून भांडण लागलं की हे जाणार, साखळी टाकणार, आणि कुणी किती सरकलं ते तोंडावर सांगणार. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी घर मोजायला घेतलं असावं. अंगणात त्यांनी हद्दीचे दगड रोवले होते. या दगडापर्यंत भाडेकरूंचे कपडे, त्या दगडापर्यंत अक्कांची तुळस. माझी चप्पल चुकून त्यांच्या भागात गेली, तर सकाळी ती काठीने ढकलून माझ्या भागात आणून ठेवलेली असे, तीही जोडीने, व्यवस्थित. बोलत नसत. राग म्हणून नाहीच, फक्त मोजणी बरोबर राहावी म्हणून.

आणि ते चित्र. दर अमावास्येला नाना ते भिंतीवरून उतरवत, काच पुसत, आणि एक बाजू फिरवून परत लावत. चौकटीच्या चारही बाजूंना त्यांनी कड्या ठोकून घेतल्या होत्या. कधी गिचमीड वर, कधी मोकळी बाजू वर, कधी ती जाड रेघ उभी. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, की नाना, याची खरी वरची बाजू कुठली?

“खरी वरची बाजू नसते ताई. जो टांगतो, त्याची बाजू वर.”

असं काही बोलून झालं की ते पेन्सिलीने हवेत एक रेघ मारत. विषय संपला.

मग कळत गेलं की या चित्रातून कुणाचीच सुटका नाही. भुसावळच्या रेल्वेतला एक भाडेकरू माझ्याआधी राहून गेला होता. त्याला त्यात यार्डातले रूळ दिसले. नानांनी विचारलं, “रूळ दिसले ना? मग उन्हात ते ठोकणारे कुठं आहेत? ते का नाही दिसले?” तो वर्षभर म्हणे रोज ठोकणारे शोधत होता. बाजारपेठेतले एक मारवाडी कापडवाले शेठ घरामागचा मोकळा तुकडा विकत घ्यायचा का विचारायला आले. त्यांना दुकानांची अर्धवट ओढलेली शटरं दिसली. “शटरच्या आत कोण, बाहेर कोण?” शेठ हुशार, हसून म्हणाले, “नाना, आत उधारी, बाहेर गिऱ्हाईक.” तुकड्याचं राहूनच गेलं. गॅसवाल्याने मात्र नानांना पुरतं ओळखलं होतं. तो दारातूनच म्हणे, “मी खालच्या कोपऱ्यात, नाना, नेहमीचाच. सही करा.”

नानांचं वाचन ठरलेलं होतं. गिचमीड म्हणजे गावठाण, घराला घर लागलेलं. करडा डाग म्हणजे विहीर. जाड रेघ म्हणजे बांध. आणि रेघेच्या पलीकडचे ते दोनचार ओरखडे म्हणजे ओढ्यापलीकडची वस्ती, विहिरीपासून लांब ठेवलेली. मोकळी बाजू वर आली की ते मुद्दाम मला बोलावत. “आज ते वर आहेत. बघा, लगेच चित्र विचित्र वाटायला लागलं की नाही? तेच चित्र आहे. काही बदललं नाही.” आणि खरंच ते विचित्र वाटे. मी ऑफिसातून दमून आलेली असे, मला गाव, वस्ती, विहीर काही नको असे, तरी मी उभी राहून ते पाहत असे.

चित्र कुणाचं, हे ते सांगत नसत. ते मला अक्कांनी सांगितलं, एका रविवारी, ओसरीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालताना. मी त्यांना म्हटलं, की नाना आज पुन्हा दूधवाल्याला थांबवून चित्र विचारत होते.

“तेस्नं काय ऐकतस बाई,” अक्का म्हणाल्या. “रोजनं शे ते.” मग थोड्या वेळाने, हातातला बिबडा सरळ करत, “मनी आंडेरनं चित्र शे. धुयाले ऱ्हास ती.”

मुलगी. एकुलती एक. बडोद्याला चित्रकला शिकायला गेली, तिथेच तिने लग्न ठरवलं. मुलगा नानांच्याच गावचा, तोही तिथेच शिकणारा. गावचा, म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीतला. नानांनी फोनवर तिला एकदाच काय ते सांगितलं, की आता या घरी येऊ नको. ती आली नाही. लग्नानंतर काही महिन्यांनी टपालाने एक नळकांडं आलं. आत हे चित्र. चिठ्ठी नाही, काही नाही. नवराबायको आता धुळ्याला होते. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, ती घरी क्लास घ्यायची. अक्का दर दिवाळीला जाऊन येत. नाना त्यांना बसस्टँडपर्यंत सोडत, खिडकीतून पिशवी देत आणि परत फिरत.

हे कळल्यावर मला नानांची कीव आली असती तर बरं झालं असतं. मला राग आला. इतकी वर्षं हा माणूस गॅसवाल्याला, दूधवाल्याला, परक्या भाडेकरूला चित्राचा अर्थ विचारतोय, आणि जिने ते काढलं ती बसने दोन-अडीच तासांवर आहे.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या समाजाचा वधू-वर मेळावा होता आणि ज्येष्ठांचा सत्कार होता. नाना कधी जात नसत, त्या वर्षी गेले. अक्का म्हणाल्या तुम्ही पण चला, म्हणून मीही गेले. नानांनी काखेत काहीतरी चादरीत गुंडाळून घेतलं होतं. मला वाटलं, शाल ठेवायला घेतलंय. त्यांचं नाव पुकारलं, हार घातला, दोन शब्द बोला म्हणाले. नानांनी चादर सोडली आणि चित्र माईकसमोर धरलं.

“इथं जमलेल्या मंडळींनी,” ते म्हणाले, “एकेकानं यावं आणि यात आपण कुठं आहोत ते दाखवावं. मग लग्नं जमवू.”

पुढच्या रांगेतले दोघेतिघे खरंच हसत वर गेले. सगळ्यांनी बोट ठेवलं ते विहिरीजवळ. नाना म्हणाले, “बरं. विहिरीपाशी गर्दी झाली. रेघेच्या पलीकडं कोण आहे?” एक बाई पोरीला घेऊन उठली. कुणीतरी माईकची वायर काढली. संयोजक कोपराला धरून नानांना खाली घेऊन आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “नाना, तुमच्या घरचं तुम्ही बघा, आमच्या पोरी का बिघडवता?” अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. त्या दिवसानंतर त्या घरी भाऊबंदांपैकी कुणाचं पाऊल पडलं नाही. संक्रांतीला अक्कांनी तिळगुळाचा डबा भरून ठेवला तो तसाच राहिला.

मला त्यांचं कौतुक वाटलं का? वाटलं. आणि वैतागही आला. हॉलभर लोकांना खडसावणं सोपं नसतं, हे मला कळतं, मी रोज खिडकीत बसते. पण रिक्षातून परत येताना मी विचारलंच.

“नाना, सगळ्यांना विचारता. तुम्ही कुठं आहात त्यात?”

ते बाहेर बघत म्हणाले, “मोजणारा नकाशात नसतो ताई.”

आणि हवेत पेन्सिलीची रेघ. रिक्षात पेन्सिल नव्हती, बोटाने मारली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझं प्रशिक्षण लागलं, धुळ्याला. अक्कांना कळल्यावर त्यांनी बिबड्यांचा आणि लोणच्याचा डबा बांधून दिला, पत्ता दिला. नाना ओसरीवरच होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मी सकाळच्या धुळ्याच्या बसमध्ये बसले आणि पाहते तर पुढून तिसऱ्या बाकावर नाना. मला त्यांनी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो एकदाचे, म्हातारे निघाले लेकीकडे. मी मुद्दाम हाक मारली नाही. बस एरंडोल ओलांडून पारोळ्याच्या स्टँडवर थांबली. नाना उतरले. मी खिडकीतून बघत राहिले. ते शांतपणे चहाच्या टपरीपाशी गेले, चहावाल्याने न विचारता ग्लास पुढे केला, त्यांनी चहा प्यायला आणि जळगावकडे जाणाऱ्या फलाटावर जाऊन उभे राहिले.

माझ्या पुढ्यात उभा कंडक्टर म्हणाला, “वयखतस का नानास्ले? दर महिनामा येतस. पारोयालोंग येतस, चहा पेतस, फिरी जातस.”

दर महिन्याला, अर्ध्या वाटेवरून परत. मला सकाळी सकाळी इतकं थकल्यासारखं झालं, की प्रशिक्षणात काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

संध्याकाळी मी डबा घेऊन मुलीकडे गेले. वडिलांसारखीच उंच, हाताच्या बोटांना शाई, बोलणं तुटक. नवरा घरी नव्हता. तिने डबा उघडून बिबड्यांचा वास घेतला आणि लगेच झाकण लावून टाकलं. मी तिला चित्राचं सगळं सांगितलं. अमावास्या, गॅसवाला, मेळावा. पारोळा सांगावं की नाही ते ठरेना, मग तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “त्यात गाव नाहीये हो. त्यात काहीच नाहीये.”

मग तिने सांगितलं ते असं. जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने रेघा काढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. जिथे रेघ, तिथे आम्ल पत्रा खातं. जितका वेळ आम्लात, तितकी रेघ खोल, तितकी छापात काळी. ठरलेल्या वेळी बाहेर काढायचा, ज्या रेघा पुरे झाल्या त्या झाकायच्या, उरलेल्या परत आम्लात.

“बाकीचं सगळं झाकून झालं होतं. ही मधली एकच रेघ उरली होती. बारीकच ठेवायची होती, क्षणभर बुडवायची. तेवढ्यात नानांचा फोन आला, तोच, घरी येऊ नको म्हणणारा. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलत राहिले. म्हणजे ते बोलत होते. परत आले तोपर्यंत आम्लाने ती रेघ खाऊन टाकली होती.” तिने शाईचे हात ओढणीला पुसले. “सर म्हणाले, पत्रा वाया गेला, फेकून दे. मी एकच छाप काढला. पाठवला का, ते विचारू नका. रागानेच पाठवला असेल.”

“नानांना सांगू?”

“नको,” ती म्हणाली. “काय उपयोग? तुम्ही काही सांगू नका.”

मी नाही सांगितलं. मला सांगावंसं इतकं वाटत होतं की मी आठवडाभर नानांच्या समोर जायचं टाळलं. पण एके दिवशी त्यांनी वीज मीटर वाचायला आलेल्या माणसाला चित्रासमोर उभं केलं आणि तो माणूस माझ्याच ऑफिसचा निघाला. त्याने मला ओळखलं, मी लाजले, तो गेला आणि माझा तोल सुटला.

“नाना, मोजणारा नकाशात नसतो म्हणता. मग पारोळ्याला कोण उतरतं?”

नाना वळले. आत गेले. रात्री अक्का माझ्या जेवणाचं ताट घेऊन आल्या, त्यात कळण्याची भाकरी आणि भरीत. ताट ठेवून त्या खाली बसल्या, म्हणजे गुडघ्यांना धरून कशाबशा टेकल्या. “बरं करं,” म्हणजे बरं केलंस, एवढंच म्हणाल्या. पुढच्या अमावास्येला नानांनी चित्र फिरवलं नाही. गिचमीड वरच राहिली, काचेवर धूळ बसली. त्यांनी कुणाला विचारणंही बंद केलं. गॅसवाला दारात येऊन सवयीने म्हणाला, “खालचा कोपरा नाना,” तर त्यांनी नुसती सही केली. मला ते घर सहन होईना. नवी खोली शोधावी असंही एकदा मनात आलं.

दिवाळीच्या आधी अक्कांनी जाहीर केलं, की गुडघे गेले, आता बसची पायरी चढवत नाही, या वर्षी मी एकटी जाणार नाही. हे त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, कुणाकडे न बघता. नाना पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवायला खूप वेळ लावला.

“मी ली जास,” ते म्हणाले.

निघायच्या दिवशी त्यांनी चित्र उतरवलं, पुसलं, त्याच चादरीत बांधलं. अक्कांना बसमध्ये चढवायला दोन माणसं लागत, म्हणून मी बरोबर. कंडक्टर तोच. त्याने न विचारताच मशीनवर बोट नेलं. “नाना, पारोया ना?”

“धुये. तीन जन.”

पारोळ्याला बस थांबली. चहावाल्याने खिडकीतून नानांना पाहिलं आणि ग्लास उचलून दाखवला. नानांनी मांडीवरचं चित्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि समोरच्या बाकाकडे बघत राहिले. अक्का खिडकीला डोकं टेकून झोपल्यासारखं करत होत्या.

दार जावयाने उघडलं. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग वाकून अक्कांच्या आणि नानांच्या पाया पडला. नाना त्याच्या डोक्यावर हात ठेवायचं विसरले, किंवा जमलं नाही. तो पाणी घेऊन आला. त्या दोघांनी एकमेकांना ग्लास देण्याघेण्यात इतका वेळ घेतला की थोडं पाणी सांडलं. मुलगी आतल्या खोलीच्या चौकटीत उभी होती. मग नानांनी चादर सोडून चित्र जावयाच्या हातात दिलं.

“कुठली बाजू वर?” त्याने विचारलं.

“तिले इचार,” नाना म्हणाले. “तिनं टांगावं.”

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्या खिळ्याला चित्र लावलं. जाड रेघ उभी आली, गिचमीड एका हाताला, मोकळं दुसऱ्या. वरही कुणी नाही, खालीही कुणी नाही. नाना चष्मा काढून, पुसून, परत लावून बघत राहिले. ही बाजू त्यांनी घरी कितीदा तरी लावली असेल. तरी ते पहिल्यांदा बघत असल्यासारखे बघत होते.

“नाना,” ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. “तुम्ही सगळ्यांना विचारता म्हणे. मग दाखवा. तुम्ही कुठं यात?”

मला वाटलं, आता ते हवेत रेघ मारतील आणि मोजणाऱ्याचं वाक्य म्हणतील. नाना पुढे गेले. त्यांचं बोट विहिरीकडे गेलं नाही, वस्तीकडेही गेलं नाही. त्यांनी ते मधोमध, त्या जाड काळ्या रेघेवर ठेवलं.

“मी अठे,” ते म्हणाले. “हाऊ बांध मीच घालेल शे.”

तिने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी काहीच सांगितलं नव्हतं. अक्का पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. नानांचं बोट त्या रेघेवरून सावकाश खाली सरकत होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि ते काढायला तयार नव्हते. शेवटी तिनेच त्यांचं मनगट धरून हात खाली घेतला, आणि मग तो सोडला नाही.